रोबोट परत आला होता का?

घरात कुणी पन्नाशीच्या आसपासचं असेल, तर एक प्रयोग करून बघा. रात्री सगळे जेवायला बसले की काही कारण नसताना मनगट तोंडाजवळ न्या आणि घड्याळात बोलल्यासारखं करून म्हणा, ‘जायंट रोबोट!’ समोरचा माणूस एक तर तुमच्याकडे ‘हिला काय झालं’ असं बघेल, नाहीतर हातातला घास ताटात ठेवून पुढचा अर्धा तास बोलत बसेल. आमच्या घरी दुसरं झालं.

खरं तर मला फक्त असाइनमेंट संपवायची होती. ‘घरातल्या एका मोठ्या माणसाशी दूरदर्शनच्या आठवणींवर बोला’, एवढाच विषय. मला वाटलं, बाबा रामायण सांगतील, त्या वेळी रस्ते कसे ओस पडायचे ते सांगतील, पाचशे शब्द झाले की मी मोकळी. पण बाबांनी विचारलं, ‘तुला जॉनी सोको माहितीये?’

मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल तर थोडक्यात सांगते.

जॉनी, घड्याळ आणि तो

ही मूळ जपानी मालिका. नाव ‘जायंट रोबो’. मित्सुतेरु योकोयामा या मांगा चित्रकाराच्या कथेवर तोएई कंपनीने ती बनवली. जपानी टीव्हीवर ती ११ ऑक्टोबर १९६७ ते १ एप्रिल १९६८ या काळात लागली. भाग फक्त २६. अमेरिकेत १९६९मध्ये तिचं इंग्रजी डबिंग झालं आणि नाव झालं ‘जॉनी सोको अँड हिज फ्लाइंग रोबोट’. दाइसाकु कुसामा या मुलाचा जॉनी झाला, जुरो मिनामी या एजंटचा जेरी झाला आणि ‘बिग फायर’ ही दुष्टांची टोळी ‘गार्गॉइल’ झाली. हीच डब केलेली मालिका ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवर आली. म्हणजे जपानचा मुलगा, अमेरिकन इंग्रजी आणि समोर बसलेली सातारा जिल्ह्यातली मराठी शाळेतली पोरं.

‘मग कळायचं काय तुम्हाला?’ मी विचारलं.

‘सगळं कळायचं,’ बाबा म्हणाले. ‘रोबोट कुठं बोलत होता?’

गोष्ट अशी. समुद्रातून आलेला एक राक्षसी प्राणी जहाज बुडवतो. जॉनी आणि जेरी वाहत एका बेटावर पोचतात. तिथे गार्गॉइल टोळीने एका शास्त्रज्ञाला पकडून ठेवलंय आणि त्याच्याकडून जबरदस्तीने एक अजस्र यंत्रमानव बनवून घेतलाय. डोकं इजिप्तच्या स्फिंक्ससारखं, पाठीवर रॉकेट, बोटांतून क्षेपणास्त्रं. त्याला चालवायचं मनगटावरच्या घड्याळातून. त्यात ज्याचा आवाज सगळ्यात आधी जाईल, त्याचंच तो ऐकणार. आणि तो आवाज जातो जॉनीचा! मग जॉनी ‘युनिकॉर्न’ या संघटनेचा एजंट यू-७ होतो आणि सम्राट गिलोटिन पाठवेल त्या प्रत्येक राक्षसाशी रोबोट लढतो.

‘आणि शेवट?’

बाबा जरा थांबले. ‘शेवटचा भाग मी नाही बघितला. मला गालगुंड झाले होते. दादाने बघितला. त्याने सांगितला मला.’

दादा म्हणजे माझे मोठे काका. इथे मला घरची एक गोष्ट सांगावी लागेल. बाबांना आणि काकांना, दोघांनाही विचारून लिहितेय.

नऊ इंचांची भिंत

आमचं घर जुनं, आजोबांच्या वेळचं. मधे सोपा, मागे परसू. सात वर्षांपूर्वी त्याच्या वाटण्यांवरून दोघा भावांचं बिनसलं. सोप्याच्या बरोबर मधून नऊ इंचांची वीटभिंत उभी राहिली. पलीकडे काका, अलीकडे आम्ही. कोर्टात केस आहे. तारखा पडतात. दोघं एकाच एसटीने तालुक्याला जातात आणि वेगवेगळ्या सीटवर बसतात. मी आणि माझा चुलतभाऊ इन्स्टावर एकमेकांना रील्स पाठवतो, पण घरी कुणाला सांगत नाही. तुमच्या घरी असं काही नसेल तर छान. असेल तर तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी ठरवलं, रोज रात्री दोन भाग. १३ रात्रींत २६ भाग होतात. मोबाइल टीव्हीला जोडला. टीव्ही भिंतीला लागून आहे, त्याच भिंतीला.

मी हसले आणि चुकले

पहिल्या भागात मी खूप हसले. जहाज सरळसरळ खेळण्यातलं. राक्षस म्हणजे रबराच्या सूटमध्ये शिरलेला माणूस. आपण मार्व्हल बघून मोठे झालेलो. रोबोटने पहिलं उड्डाण केलं तेव्हा मी म्हटलं, ‘बाबा, व्हीएफएक्स काय भारी आहे हो!’

बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने एवढंच म्हणाले, ‘हे रंगीत होतं होय?’

शेजारच्या गुरुजींकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. गावातली वीस-पंचवीस पोरं जमिनीवर दाटीवाटीने बसायची. दूरदर्शन १९८२च्या एशियाडपासून रंगीत झालं होतं, पण गुरुजींचा टीव्ही नव्हता झाला. बाबांनी ज्या रोबोटवर जीव टाकला, त्याचा रंग ते चाळीस वर्षांनी पहिल्यांदा बघत होते. आणि मी त्यांना दोऱ्या दाखवत होते.

त्या रात्री मी जरा वाचलं. या प्रकाराला जपानीत ‘तोकुसात्सु’ म्हणतात, म्हणजे विशेष चित्रीकरण. १९५४च्या ‘गॉडझिला’पासून एइजी त्सुबुराया यांनी ही पद्धत रुळवली. सूटमध्ये माणूस, भोवती छोट्या इमारती, आणि कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवायचा. का? कारण छोटी वस्तू पटकन पडते आणि पटकन पडली की ती खेळणं वाटते. जास्त फ्रेम्स घेऊन नेहमीच्या वेगाने दाखवलं की पडणं संथ होतं आणि वस्तूला वजन येतं. त्याचं गणितही आहे. मॉडेल खऱ्याच्या २५ पट लहान असेल तर कॅमेरा साधारण ५ पट वेगाने चालवायचा, म्हणजे वर्गमूळ. दहावीनंतर वर्गमूळ कुठे वापरलं असं कुणी विचारलं तर सांगा.

हे तुम्ही घरी करू शकता. मी केलं. काडेपेटीच्या खोक्यांची एक बिल्डिंग रचली, वर थोडं गव्हाचं पीठ भुरभुरवलं, मोबाइल जमिनीला टेकवून स्लो मोशनवर ठेवला आणि खोकी ढकलली. काय सांगू! धुळीचे लोट उठत अख्खी इमारत कोसळली. तिसऱ्या प्रयत्नात आईने पिठाचा डबा काढून घेतला, पण व्हिडिओ बघून बाबा म्हणाले, ‘आता कळलं का?’ कळलं. दुसऱ्या रात्रीपासून मी हसले नाही. म्हणजे हसले, पण बाबांबरोबर.

तिसऱ्या रात्रीचा मेसेज

रिवॉचची खरी मजा भाग संपल्यावर असते. आमच्याकडे चर्चासत्रच भरायला लागलं. आईचा मुद्दा पहिल्या दिवसापासून एकच, ‘त्या पोराला शाळा नाही का? आणि एवढ्याशा पोराच्या हातात एवढं मोठं हत्यार द्यायचं? आपल्याकडं स्कूटीची चावी देत नाही कुणी.’

मला आधी गंमत वाटली. मग वाटलं, आई अगदी मर्मावर बोट ठेवतेय. कारण पहिल्या भागात तो रोबोट जागा कशाने होतो माहितीये? अणुबॉम्बने. शास्त्रज्ञ टोळीचा तळ उडवून देतो आणि त्या स्फोटाची ऊर्जा रोबोटमध्ये जाते. मालिका आहे १९६७ची. हिरोशिमा-नागासाकीला तेव्हा जेमतेम २२ वर्षं झाली होती. ती लिहिणारे, बनवणारे सगळे ते युद्ध बघितलेले. आणि ते लहान मुलांसाठी गोष्ट कोणती रचतात? मोठ्यांनी धाकदपटशा करून एक भयंकर शक्ती बनवली, आणि ती चुकून एका मुलाच्या हाती आली. आता तो तिचं काय करणार? ‘ग्रेट पॉवर’वाला डायलॉग आपण स्पायडरमॅनच्या सिनेमांत ऐकला. इथे तो कुणी बोलत नाही. फक्त एक मुलगा घड्याळाकडे बघत राहतो.

तिसऱ्या रात्री आम्ही असे तावातावाने बोलत असताना माझा फोन वाजला. चुलतभावाचा मेसेज होता. ‘आवाज येतोय इकडे. पप्पा टीव्ही बंद करून बसलेत. विचारतायत, कितवा भाग?’

मी बाबांकडे बघितलं. ते गिलोटिनकडे बघत होते. मी टाइप केलं, ‘सहावा संपला.’ आणि रिमोट घेऊन आवाज दोन पॉइंट वाढवला.

पुढच्या दहा रात्री हेच चाललं. भाग संपला की मेसेज यायचा. ‘पप्पा म्हणतात, गुरुजींकडे बघताना तुझे बाबा टीव्हीच्या मागे जाऊन रोबोट शोधायचे, विचार.’ मी कुणाचं नाव न घेता विचारायचे, ‘बाबा, तुम्ही कधी टीव्हीच्या मागे वगैरे...?’ बाबा चमकून बघायचे, ‘तुला कुणी सांगितलं?’ मी म्हणायचे, अंदाज. एका रात्री बाबा म्हणाले, ‘तुझे अंदाज फार बरोबर यायला लागलेत.’ आणि भिंतीकडे बघून गप्प बसले. त्यांना कधी कळलं, मला माहीत नाही. पण आवाज कमी कर, असं ते एकदाही म्हणाले नाहीत.

सव्विसावा भाग

इथे स्पॉइलर अलर्ट देते, जरी मालिका जवळपास साठ वर्षं जुनी असली तरी.

मी सुट्टीच्या पहिल्याच दिवशी शेवट वाचून ठेवला होता. आपली सवयच ती, बघायच्या आधी शोधायचं. त्यामुळे १३ दिवस माझ्या पोटात गोळा होता. काकांनी बाबांना सांगितलेला शेवट असा होता, ‘रोबोटने गिलोटिनला उचललं, लांब अंतराळात फेकलं आणि परत आला. जॉनीच्या घड्याळात त्याचा आवाज आला.’ खरा शेवट असा नाही.

खऱ्या शेवटात गिलोटिन स्वतः प्रचंड होतो. त्याचं शरीर अणुऊर्जेने भरलेलं आहे. त्याच्यावर हल्ला केला तर त्याच्याबरोबर पृथ्वीही जाणार. म्हणजे जी मालिका बॉम्बने सुरू झाली, ती बॉम्बवरच येऊन थांबते. जॉनीपुढे काही मार्ग नाही. आणि तेव्हा रोबोट पहिल्यांदा, हुकूम नसताना, आपणहून हलतो. गिलोटिनला मिठीत धरतो आणि वर उडतो. जॉनी घड्याळात ओरडतो, परत ये, परत ये. २५ भाग ज्याने एकही शब्द मोडला नाही, तो या एकदाच ऐकत नाही. अंतराळात एका उल्केवर जाऊन आदळतो. संपलं.

मी बाबांकडे बघायचं टाळलं. आई पदराने डोळे पुसत होती. तिला तर पहिल्या दिवसापासून जॉनीच्या शाळेची काळजी होती.

‘बाबा, सॉरी,’ मी म्हटलं. ‘मला माहीत होतं. सांगायला हवं होतं.’

‘मलापण माहीत होतं,’ बाबा म्हणाले.

गालगुंड बरे होऊन ते शाळेत गेले तेव्हा वर्गातल्या पोरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, रोबोट मेला. बाबांनी एकाशी मारामारी केली. शर्टाची बटणं तुटली. ‘माझ्या दादाने बघितलंय, तो परत आलाय’ म्हणून. आणि मग पुढच्या पोरानेही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यानेही. ‘तेव्हाच कळलं गं. पण दादाने सांगितलं होतं ना. मग मी ठरवलं की परत आला.’

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग ते म्हणाले, ‘तुझ्या फोनवरून लाव त्याला.’

मी नंबर लावला. भिंतीपलीकडे रिंग वाजलेली आम्हाला इकडे ऐकू आली. काकांनी उचलला, पण ‘हॅलो’ म्हटलं नाही.

बाबा म्हणाले, ‘दादा, रोबोट परत आला नव्हता.’

काकांचा आवाज फोनमधून आणि भिंतीतून एकदमच आला. ‘तुला एकशे तीन ताप होता. गालाला चुना-हळद लावून पडला होतास. काय सांगणार होतो मी?’

मग दोघं रोबोटवर बोलले. फोनवरचं घड्याळ मी बघितलं, चार मिनिटं बारा सेकंद. घराचा विषय नाही, केसचा नाही, आजोबांचाही नाही. कुठल्या राक्षसाला किती हात होते, यावर मात्र थोडा वाद झाला. फोन ठेवताना काका म्हणाले, ‘पुढचं काय बघताय?’

तर, पुढचं काय?

तुम्हाला वाटेल, आता भिंत पडली असेल. नाही. भिंत आहे तिथेच आहे, तारीख पुढच्या महिन्यात आहेच, आणि कुणाचं म्हणणं बरोबर ते कोर्ट ठरवेल. फक्त मागच्या तारखेला दोघं एसटीत शेजारी बसले, असं चुलतभावाने कळवलं. बोलले की नाही, ते माहीत नाही. पण दर रविवारी रात्री नऊ वाजता भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच भाग लागतो आणि साडेनऊला फोन होतो. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर असते. बाबा अजून म्युट करायला विसरतात, त्यामुळे आमच्या कुकरच्या शिट्ट्या काकांना दोनदा ऐकू येतात.

सध्या आम्ही ‘अल्ट्रामॅन’ बघतोय. त्सुबुरायांचीच निर्मिती, १९६६ची, भाग ३९. त्याच्या छातीवरचा दिवा लुकलुकायला लागला की समजायचं, पृथ्वीवर थांबायची वेळ संपत आली. काकांना तो दिवा फार आवडलाय. नंतर यादीत ‘कामेन रायडर’ आहे, १९७१मध्ये सुरू झालेली. त्यात नायकाच्याच शरीरात दुष्टांनी बदल केलेत आणि तो त्यांच्याविरुद्ध उभा राहतो. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, वाईट हेतूने बनवलेल्या शक्तीचं काय करायचं?

आणि हे सगळं आपल्या पिढीचं नाही असं वाटत असेल, तर थांबा. शाळेतून आल्यावर दप्तर फेकून आपण हिंदीत ‘पॉवर रेंजर्स एसपीडी’ बघायचो ना? तो निळ्या कुत्र्याच्या तोंडाचा कमांडर आठवतो? ती मालिका ‘देकारेंजर’ या २००४च्या जपानी मालिकेतली दृश्यं घेऊनच बनलेली. हेल्मेट घालून लढतायत ती दृश्यं बहुतेक जपानची, हेल्मेट काढून बोलतायत ती इंग्रजी कलाकारांची. ‘पॉवर रेंजर्स’ १९९३मध्ये सुरू झालं तेच मुळी असं, १९९२च्या ‘झ्युरेंजर’वरून. म्हणजे बाबा गुरुजींच्या सोप्यात बसून जे बघत होते, त्याच घराण्यातलं आपण बघत होतो, फक्त वीस वर्षांनी आणि जाहिरातींसकट.

रिवॉच करणार असाल तर अनुभवाने तीन गोष्टी सांगते. एक, दिवसाला दोन भागांच्या वर बघू नका. एका बैठकीत सगळं संपवलं की बोलायला काही उरत नाही. दोन, पहिल्या भागात हसू आलं तर हसा, पण शेजारी कोण बसलंय ते बघून. आणि तीन, घरातल्या ज्या माणसाने ते लहानपणी बघितलंय, त्याला आधी विचारा, ‘तुम्हाला शेवट काय आठवतो?’ इंटरनेटवर शेवट एकच सापडतो. घरात दुसराही असू शकतो, आणि तो कुणी, कुणाला, का सांगितला होता, हे कुठल्याही सर्चमध्ये येत नाही.

माझी असाइनमेंट? पाचशे शब्दांची होती. मार्क अजून आलेले नाहीत. हे वाचून सर म्हणतील, शब्दमर्यादा पाळलेली नाही.